आक्काची ढेप

बन्सी गुळव्या स्वतः गूळ खात नाही, हे चौफुल्यापासून कुरकुंभपर्यंत एकूण एक गुऱ्हाळाला माहीत होतं. पस्तीस-छत्तीस वर्षं जो माणूस उसाचा रस आटवायच्या काहिलीच्या काठाला उभा राहिला, ज्याच्या मिशीला आणि पांघरुणालासुद्धा काकवीचा वास येतो, त्याला गुळाचं काय कौतुक? चहासुद्धा तो बिनगोडाचा प्यायचा. गडी चेष्टा करायचे, तेव्हा म्हणायचा, मी करायला हाय, खायला गाव पडलंय.

आणि करायचा मात्र असा, की नाव काढावं. गुऱ्हाळाचा मालक कितीही मोठा असो, काहिलीपाशी शब्द चालतो गुळव्याचा. रस निवळायला भेंडीचं पाणी कधी घालायचं, वर आलेली मळी कुठवर काढायची आणि काहील नेमकी केव्हा उतरवायची, हे तोच सांगणार. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. बन्सी थंड पाण्यात बोटं बुडवायचा, तीच बोटं खदखदत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात घालायचा आणि गोळी वळून पत्र्यावर आपटायचा. टण्ण वाजली की उतरवा. त्याचा मालक सत्यजीत हा तरुण गडी, बोलायला चलाख. पुण्याच्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा की आमच्या बन्सीमामांची बोटं म्हणजे थर्मामीटर आहे. बन्सी मान खाली घालून ऐकायचा आणि आतून टम्म फुगायचा. माणूसच तो, फुगणारच.

तीच बोटं आता त्याला डोळ्यांसमोर नको झाली होती. त्याचं कारण आक्का.

आक्का म्हणजे साळूबाई, त्याची थोरली बहीण. दिलेली शिरूर तालुक्यात, कवठे येमाईला. आई गेली तेव्हा बन्सी चार वर्षांचा होता आणि आक्का अकराची. तिनं याला काखेला मारून भाकरी थापल्या, याचं नाक पुसलं, याच्या वाटणीचा मार खाल्ला. लग्न होऊन गेली तरी भावावरची माया काही पातळ झाली नाही. एकविसाव्या वर्षी बन्सीनं पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर काहील उतरवली आणि सगळी करपवली. गूळ काळा ठिक्कर आणि चवीला कडू जहर. तेव्हाच्या मालकानं चार लोकांत आईमाईवरून उद्धार केला आणि हाकलून दिलं. हा बाबा त्यातलं एक ढेकूळ फडक्यात बांधून थेट कवठ्याला गेला आणि बहिणीच्या ओट्यावर बसून रडला. आक्कानं ते ढेकूळ फोडलं, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाली, "चांगला लागतोय की. खरपूस." बघता बघता अख्खं खाल्लं तिनं. दुसऱ्या दिवशी बन्सी परत गुऱ्हाळावर गेला, तो त्या एका शब्दावर.

तेव्हापासून रिवाजच पडला. भाऊबीजेला साडी जाओ न जाओ, हंगामातली आपल्या हातची पहिली ढेप बन्सी बहिणीला न्यायचाच. लहानशीच, किलो-दीड किलोची. रंग उजळायची पावडर तिच्यात टाकायची नाही, त्यामुळं दिसायला काळपट. गडी ती वेगळी काढून ठेवायचे, आणि गुऱ्हाळावर तिला नावच पडलं होतं, आक्काची ढेप.

सहा वर्षांमागं साळूबाईला शुगर निघाली. सारखी तहान, सारखं लघवीला उठणं, आणि पोलकी अंगावर लोंबायला लागलेली. सून मोनाली तिला शिरूरला घेऊन गेली. रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि खाण्यापिण्याचा एक कागद दिला. त्या भाऊबीजेला बन्सी ढेप घेऊन पोचला, तेव्हा तो कागद भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवलेला होता. मोनालीनं वाचून दाखवला. साखर नको, गूळ नको, मध नको, भात बेतानं.

साखर नको, इथवर बन्सीनं मान डोलावली. गूळ नको म्हटल्यावर त्याचं टाळकं सरकलं. खरं तर त्यानं गप्प बसायचं होतं. काहिलीपाशी तू कुणाला तोंड घालू देतोस का? मग डॉक्टरच्या कामात तू कशाला घालतोस? पण नाही. गुळाला साखरेच्या पंगतीत बसवलेलं त्याला सोसेना. साखर कारखान्यातली, काय काय मारून पांढरी केलेली. गूळ बाळंतिणीला देतात, देवापुढं ठेवतात, त्यानं कधी रोग होईल का? आणि ही ढेप तर बिनपावडरची. बोलता बोलता त्यानं तिचा खडा फोडला आणि बहिणीच्या तळहातावर ठेवला.

"आक्का, साखर सोड. पर माझ्या हातचा गूळ खुशाल खा. काय होतंय त्ये मी बघतो."

आक्कानं एकदा सुनेकडं बघितलं, एकदा भावाच्या तोंडाकडं बघितलं, आणि खडा तोंडात टाकला.

पुढची सहा वर्षं तिनं साखरेला हात लावला नाही. दिवसातून तीनदा गुळाचा चहा मात्र चालू, आणि भाकरीवर गूळ-तूप; ढेप संपली की दुकानातून गूळ मागवायची. शुगर कशी उतरणार? डॉक्टर गोळ्या वाढवायचे आणि विचारायचे, गोड खाता का? ती सांगायची, साखर तोंडात बी घालत न्हाई. आणि तेही खरंच होतं म्हणा.

इकडं बन्सीनं आपला शब्द गुऱ्हाळावरही चालवला. सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, एखादं माणूस विचारायचं, शुगर आहे, चालेल का? बन्सी छातीवर हात ठेवून सांगायचा, माझी सख्खी बहीण खाती की. सत्यजीतनं ते उचललं आणि रस्त्याकडंला बोर्डच रंगवून घेतला. वरच्या ओळीत 'सेंद्रिय गूळ', खालच्या ओळीत 'शुगर असणाऱ्यांनाही चालतो'. त्या बोर्डाखालून जाताना बन्सीला आपलंच नाव लिहिल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला या सगळ्यावर कळस चढला. बन्सी कवठ्याला पोचला तर आक्का ओट्यावर बसून सुईनं उजवा तळपाय कोरत होती. बाभळीचा काटा मोडला होता, दोन दिवस झाले होते. बन्सीनं तिच्या हातातली सुई काढून घेतली. काट्याला गुळाचा चटका द्यायचा हा आपल्याकडचा जुना इलाज. गूळ पळीत कडकडीत वितळवायचा आणि थेंब काट्याच्या तोंडावर सोडायचा, म्हणजे जागा शेकते आणि काटा वर येतो, असं म्हणतात. आणि घरात गुळव्या असताना चटका दुसऱ्या कुणी द्यायचा? बन्सीनं नव्या ढेपेचा खडा फोडला, पळी गॅसवर धरली आणि थेंब सोडला. आक्का मोनालीशी बोलत होती. तिचा पाय जागचा हलला नाही.

"लागला का चटका?"

"कवा दिला रं?"

बन्सी हसला. म्हणाला, म्हातारा झालो वाटतं, गूळ तापला का न्हाई त्ये बी कळंना. पळी परत गॅसवर धरली, पाक अजून कडक केला, पुन्हा थेंब सोडला. आक्का बोलतच होती. तिसऱ्या वेळी त्यानं थेंब मोजले नाहीत, पळी कलती केली. मोनालीनं डोळे मिटून घेतले, पण आक्का म्हणाली, आत्ता जरा कोमट लागतंय बघ. ज्याच्या बोटांना गुळाची आच कळते, त्याला मांडीवरचा पाय बधिर झालाय हे कळलं नाही. त्याला वाटलं, गूळच थंड आहे.

फोड आला, फुटला, काळा पडला. दुखतच नव्हतं, तर बघणार कोण? आठव्या दिवशी मोनालीला वास आला. शिरूरला नेलं, तिथून पुण्याला. आधी तीन बोटं काढली, आणि महिन्याभरात गुडघ्याखाली पाय. भाचा मच्छिंद्र, मोनालीचा नवरा, रांजणगावच्या कंपनीत आहे, त्यानं शिफ्ट संपल्यावर मामाला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. शुगरनं पायाच्या नसा मेल्या होत्या, म्हणून चटका कळला नाही. रक्तही नीट पोचत नव्हतं, म्हणून जखम भरली नाही. अशा माणसानं पाय रोज बघायचा असतो, अनवाणी फिरायचं नसतं, शेक तर कधीच घ्यायचा नसतो. आणि गूळ काय, साखर काय, पोटात गेल्यावर दोन्ही एकच, मामा. मच्छिंद्रनं एका शब्दानं दोष दिला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बन्सीला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो आक्काला भेटायला गेलाच नाही. बायको वच्छला दोनदा जाऊन आली. हा म्हणायचा, हंगाम हाय, काहील सोडून कसा येऊ? वच्छला म्हणाली, काहील काय पळून चाललीय व्हय? हंगाम सरला, उन्हाळा सरला, पावसाळा गेला, तरी कवठ्याचा रस्ता त्याला लांबच होता. मधे कुरकुंभला तपासणीचं शिबिर झालं, सत्यजीत सगळ्या गड्यांना घेऊन गेला. बन्सीची शुगर नॉर्मल निघाली. गडी म्हणाले, मामा, पेढे द्या. त्या दिवशी बन्सीनं जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला. करणारा ठणठणीत होता आणि खाणारीचा पाय गेला होता. गुऱ्हाळावर गाडी थांबली की आता तो काहिलीखालच्या चुलवणाच्या मागं जाऊन उभा राहायचा, म्हणजे कुणी काही विचारायला नको. बोर्ड होता तिथंच होता. काढ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

या वर्षीची दिवाळी आली. भाऊबीजेला दोन दिवस राहिले असताना मोनालीचा फोन आला. आक्काच्या राहिलेल्या पायाच्या करंगळीला चीर पडली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर खाली आली नाही तर हाही पाय जाईल.

"मामा, त्या अजून गूळ खात्यात. डबा काढून घ्यायला गेले तर लपवत्यात, वर म्हणत्यात, बन्सी बोललाय चालतो म्हणून. डॉक्टरचं ऐकत न्हाईत, माझं न्हाई, ह्यांचं न्हाई. तुम्ही दिलेला शब्द तुम्हीच मागं घ्या."

बन्सी हो म्हणाला आणि फोन ठेवून चिपाडाच्या ढिगावर बसला. काय होतंय ते मी बघतो, म्हणाला होता ना? मग बघायला एकदा तरी गेलास का, बन्सी? स्वतःलाच त्यानं दहा वेळा विचारलं. आणि आता जायचं ते कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर एक गाडी थांबली. उतरलेल्या बाईंनी बोर्ड वाचला आणि विचारलं, माझ्या मिस्टरांना शुगर आहे, खरंच चालतो का? सत्यजीतनं सवयीनं हाक मारली, मामा, सांगा की जरा. बन्सी चुलवणामागून पुढं आला. त्याला वाटलं होतं की त्याची जीभ वळणार नाही, पण वळली.

"न्हाई चालत, ताई. गूळ बी साखरच. माझ्या बहिणीचा पाय गेलाय."

गाडी काही न घेता निघून गेली. सत्यजीत तापला. आपल्याच बोर्डाखाली उभं राहून आपल्याच मालाला कुणी नाव ठेवतं का, मामा? बन्सी शांतपणे म्हणाला की ती खालची ओळ पूस, नाहीतर दुसरा गुळव्या बघ. सत्यजीत त्याच्याशी दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी मात्र बोर्डाच्या खालच्या ओळीवर गोणपाट बांधलेलं दिसलं. गड्यानं विचारलं, आक्काची ढेप काढायची ना? बन्सी नको म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

भाऊबीजेला सकाळीच त्यानं गाडीला किक मारली. पारगावचा पूल, न्हावरा, शिरूर. शिरूरात त्यानं शुगरवाल्यांची मऊ तळाची चप्पल मागितली, डाव्या पायाची. दुकानदार म्हणाला, एकच कशी देऊ, जोडच घ्यावा लागतो. बन्सीनं जोड घेतला. बाहेर येऊन उजवी चप्पल डिकीत टाकली आणि डावी साडीच्या पिशवीत ठेवली. मलठणच्या पुढं त्यानं दोनदा गाडी थांबवली. तहान लागली होती असं काही नाही. नुसताच उभा राहिला.

आक्का खाटेवर बसली होती, शेजारी वॉकर. भाऊ दारात दिसल्याबरोबर तिचं तोंड फुललं. इतके दिवस का आला नाहीस, हे तिनं विचारलं नाही. बाळासारखं पिशवीत डोकावून तेवढं विचारलं, ढेप कुठंय?

बन्सी खाली जमिनीवर बसला. तिचा राहिलेला पाय त्यानं मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या, करंगळीची चीर बघितली, टाच दाबली. लागतंय का म्हणून विचारलं. ती न्हाई म्हणाली. मग त्यानं पाय न सोडता, वर न बघता सांगून टाकलं.

"आक्का, मी खोटं बोललो. गूळ चालत न्हाई. मला कायबी ठावं नव्हतं, पर ठावं असल्यागत बोललो. तुझा पाय माझ्यामुळं गेला. चटका बी मीच दिला."

स्वयंपाकघराच्या दारात मोनाली उभी होती. आक्का भावाच्या टाळूकडं बघत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

बन्सीनं मान वर केली.

"डॉक्टरनं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, बाई, गूळ बी साखरच. मोनीनं कागद वाचला तवा तुझं तोंड कसं झालं व्हतं, मी बघितलं ना. त्यो करपलेला गूळ घिऊन आला व्हतास, तवा झालं व्हतं तसंच. त्यात तू खडा हातावर ठिवला. म्हणलं, एवढ्यानं काय होतंय? मग दर साली ढेप आणायचास, आन् मला बी सवय लागली. चटक्याचं तेवढं न्हाई कळलं बाबा. त्ये तुला बी न्हाई कळलं."

ती शिव्या देईल, याची तयारी बन्सीनं वाटभर केली होती. माफ करेल, याचीही थोडीशी केली होती. याला मात्र तो तयार नव्हता. त्याला आजवर वाटत होतं, आक्कानं आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपण तिला बुडवलं. तिनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवलाच नव्हता. आपला जीव जातोय हे कळत असताना ती भावाला सांभाळत होती, तो चार वर्षांचा असताना सांभाळत होती तशी. बन्सी तिच्या पायावर डोकं टेकून रडला. त्याचे डोळे तिच्या पावलावर गळत होते आणि तिला त्या पावलाला ओलं लागत नव्हतं.

"आता न्हाई खायचीस," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडं बघू नगस. ढेप आता कधीच आणणार न्हाई मी."

"न्हाई खात, बाबा. तू बोलला, झालं." ती पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली. "ऊठ आता. ववाळू दे मला."

मोनालीनं खाटेपुढं पाट मांडला. आक्कानं खाटेवर बसूनच भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळून झाल्यावर भावाचं तोंड गोड करायचं असतं. मोनाली साखर आणायला वळली तर आक्कानं तिला थांबवलं, उशाखाली हात घातला आणि एक लहान डबा काढला. मोनाली बघतच राहिली, घरभर शोधून तिला न सापडलेला तो डबा. त्यात गेल्या वर्षीच्या ढेपेचा एकच खडा उरला होता.

"ह्यो शेवटचा," आक्का म्हणाली. "त्यो तू खा."

तिनं खडा त्याच्या तोंडात घातला. कित्येक वर्षांनी बन्सीच्या जिभेवर गूळ आला होता. गूळ उत्तम उतरला होता. करपला नव्हता, कच्चा नव्हता, काहील अगदी वेळेवर उतरवलेली. त्याला तो गिळवेना. पण आक्का समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती, म्हणून त्यानं तो सावकाश चघळला, गिळला आणि म्हणाला, "चांगला लागतोय की."